फुंकर

आठव्या मिनिटाला बुडबुडे थांबले.

ओदालिसनं आधी पंपाकडे पाहिलं, मग वायरकडे, मग गच्चीच्या कठड्यावरून खाली गल्लीत. समोरच्या न्हाव्याचा पंखा थांबला होता आणि तो अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला खुर्चीसकट उजेडात ओढत होता. वीज गेली होती. वीज कंपनीनं लावलेल्या वेळापत्रकाच्या कागदावर सहाला जाणार होती. अजून चारही वाजले नव्हते.

"गेली का गं?" जिन्यातून सासूबाईंचा, ग्रासिएलाचा आवाज आला.

"गेली!"

"त्यांच्या कागदावर विसंबलीस? इथं या सागुआ गावातच जन्मलीस ना तू, की कुठल्या परदेशात?"

यंत्र तिनं स्वतः बांधलं होतं. खिडकीच्या काचा चिकटवून केलेली उभी, अरुंद टाकी. तळाशी भोकं पाडलेली सलाइनची नळी. नळीला माशांच्या टाकीचा पंप. टाकीत आम्ल, आणि आम्लात लोंबकळणारी, तांब्याचा पातळ पत्रा चढवलेली पाटी. पाटीवर तिनं नेलपॉलिशनं सर्किटच्या रेषा काढल्या होत्या. रेषांखालचं तांबं राहायला हवं, बाकीचं आम्लानं खायला हवं. मग त्यावर एकेक भाग जोडला, की तिच्या लेकीचं, सुलेमाचं, दम्यासाठीचं वाफेचं मशीन ट्रकच्या बॅटरीवर चालणार होतं.

सुलेमा चार वर्षांची होती. आज बुधवार. शनिवारी वादळ येणार होतं, आणि वादळानंतर इथे आठ-आठ दिवस वीज येत नाही.

पाटी एकच होती. काल एका तुकड्यावर करून पाहिलं, तेव्हा मध्येच बाहेर काढल्याबरोबर नेलपॉलिशची सालं निघाली. आतच राहू द्यावी, तर थांबलेलं आम्ल हळूहळू रेषांच्या पोटाखाली शिरतं.

ओदालिसनं पंपाची नळी उपटली, तोंडात धरली आणि फुंकलं.

तळातून बुडबुडे उठले. पाटी हलली.

श्वास नाकानं घ्यायचा, तेवढा वेळ नळीवर जीभ दाबून धरायची. एकदा जरी चुकून आत ओढला तर... त्यापुढे ती विचार नेत नव्हती. फुंक. जीभ. नाक. झाकणाच्या फटीतून येणारी वाफ घसा खरवडत होती. या वाफेपायीच तिनं सगळं गच्चीवर आणलं होतं, आणि खालच्या खिडकीच्या फटीत फडकी कोंबली होती. फुंक. जीभ. नाक. तिसाव्या फुंकरीला डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"ओदालिस!" या वेळी हाक वेगळी होती. "पोरीला लागलाय गं दम! फासळ्या आत जातायत!"

नळी तोंडात होती. उत्तर देता येत नव्हतं. पाटीचे कोपरे मोकळे होऊन पिवळे दिसायला लागले होते, पण मध्ये तळहाताएवढं तांबं अजून लखलखत होतं. फुंक. जीभ.

जिन्यात पावलं वाजली. गुडघ्यावर हात टेकत ग्रासिएला वर आली.

"बहिरी झालीस का..." म्हणता म्हणता ती थांबली. सुनेच्या तोंडातली नळी तिनं पाहिली, टाकी पाहिली. "वा गं वा. अंधारावरचं औषध, आणि त्यालाच वीज लागते!"

ओदालिसनं नळी काढली. बुडबुडे विझले. "अजून पाच मिनिटं, आई. मधलं तांबं गेलं की..."

"आण इकडे." ग्रासिएलानं नळी हिसकावून ॲप्रनला पुसली. "चाळीस वर्षं कोळसे फुंकलेत मी. तू जा, तिला तू हवीस. कधी काढायचं तेवढं सांग."

"मधली जागा पिवळी झाली की. त्या प्लॅस्टिकच्या चिमट्यानं. आणि आई, आत ओढू नका. खोकला आला तर आधी नळी सोडा."

"जा म्हणते ना!" सिगारनं काळवंडलेल्या दातांत तिनं नळी धरली.

खाली सुलेमा पलंगाच्या कडेला बसली होती, एक हात गुडघ्यावर, खांदे कानांपर्यंत वर येत होते. फवाऱ्याची डबी जूनपासून औषधाच्या दुकानात आली नव्हती. वाफेचं मशीन बंद होतं, तरी मास्क तिनं दुसऱ्या हातानं तोंडावर तसाच दाबून धरला होता. मास्क लावला की बरं वाटतं, एवढं तिला ठाऊक होतं.

ओदालिस तिच्यामागे बसली. तिला छातीशी टेकवून घेतलं. "माझ्याबरोबर, राणी. नाकानं थोडासा. आता फू... लांब फू. सूप गरम आहे ना? फू..."

बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता. तिच्या छातीवर ठेवलेल्या तळव्याला तो जाणवत होता.

छतावरून दुसरा आवाज येत होता. गुडगुड. मग धाप. मग गुडगुड. सुलेमाही तो ऐकत होती. हळूहळू ती त्या आवाजाबरोबर फुंकायला लागली. वर गुडगुडलं की खाली फू. ओदालिस मिनिटं मोजत होती. तीन. साडेतीन.

वर खोकला उठला. एकदा. दोनदा. मग घशात अडकल्यासारखा.

मग काहीच नाही. गुडगुड नाही, धाप नाही, चिमट्याचा आवाज नाही.

ओदालिसला उठायचं होतं, पण छातीशी सुलेमा टेकलेली होती.

सुलेमानं मान वर केली. छताकडे बघत राहिली. मग दोन्ही हातांनी तोंडावरचा मास्क ओढून काढला आणि आईच्या हातात कोंबला.

"आज्जीला..." तिनं श्वास शोधला. "आज्जीला दे. लवकर."