चपला काढून बसा

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली, तेव्हा थोरलीला आधी राग आला, मग शरम वाटली आणि मग पुन्हा राग आला. शहरातल्या एकशे नव्वद इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारं घर, आणि त्याच घराच्या ऑफिसातली लिफ्ट बंद पडते, तीही थोरल्या सुनेला पोटात घेऊन.

वर पाचव्या मजल्यावर सासरे घड्याळाकडे बघत बसले होते. थोरलीच्या टेबलावरचा तक्रारीचा फोन ठेवायचा की काढायचा, याचा आज निकाल होता. गेल्या एकवीस वर्षांत लिफ्टमध्ये अडकलेला प्रत्येक माणूस त्या फोनवर थोरलीशी बोलला होता. मेकॅनिक सांगत, तिच्या आवाजाला घाबरून काही लिफ्ट आपल्या आपणच सुरू व्हायच्या. यातलं निम्मं सोडून द्या. पण एक गृहस्थ दार उघडल्यावरही, बाईंशी बोलणं संपू दे म्हणत आतच बसून राहिले होते, हे अगदी खरं.

मग धाकटी जाऊ आली. चार महिने थोरलीच्या शेजारी मान खाली घालून काहीबाही टिपत बसली, आणि पडद्यावर नुसते चौकोन चौकोनाला जोडत तिने एक ॲप उभं केलं. त्यात एकच नारिंगी बटण: ‘लिफ्ट अडकली’. ते दाबलं की जवळच्या मेकॅनिकला निरोप जाई, स्टोअरमधून सामानाची चिठ्ठी निघे, वॉचमनला कळे आणि अडकलेल्याला मेसेज येई. सगळं एका दमात, कोणाचा हात न लागता. सासरे ते बटण आल्यागेल्याला दाखवत. थोरलीचा नवरा जेवताना त्याच्यावर बोले. पोटची मुलगीसुद्धा काकूच्या हुशारीचे गोडवे गाई. ते ऐकताना थोरलीच्या कानशिलांतून अशी वाफ निघे की तिच्यावर घरातले कपडे वाळावेत.

एकदाही तिने ते ॲप उघडून पाहिलं नव्हतं. सासऱ्यांपुढे टाकायला तिच्याकडे एकच वाक्य होतं, आणि जिन्याऐवजी लिफ्ट धरली ती ते नीट घोकायला मिळावं म्हणून. बटण कामं करतं, पण माणसाशी बोलत नाही.

आता ते वाक्य लिफ्टमध्ये अडकलं होतं.

ऑफिसात फोन लावावा, तर तिची खुर्ची रिकामी; उचलणार धाकटीच. ओरडावं, तर मेकॅनिकांना वर्षभर पुरेल इतकं हसू. पंचवीस मिनिटं ती घाम पुसत उभी राहिली. एवढ्या वेळात दिवा दोनदा मिणमिणला आणि पायाखालची जमीन एकदा बोटभर खाली गेली. थोरलीने मोबाइल काढला, ॲप उघडलं आणि डासाला मारावं तसं ते बटण दाबलं.

मेसेज तत्काळ आला.

‘अहो, घाबरू नका. दाराशी झटापट करू नका. चपला काढून खाली बसा, बरं वाटतं. माणूस निघालाय. तोवर घरातलं कुठलं कपाट आवरायचं राहिलंय ते आठवा.’

थोरलीने तो दोनदा वाचला. हे चपलांचं जगात दुसरं कोणी सांगत नव्हतं. एकवीस वर्षांपूर्वी फोनवर एक बाई रडायची थांबेना, काय बोलावं सुचेना, तेव्हा ते तिच्या तोंडून निघालं होतं. कपाटाचंही तिचंच. तो ‘अहो’सुद्धा तिचाच. चार महिने मान खाली घालून हेच टिपत होती तर! टेबल गेलं, कौतुक गेलं, नवरा आणि मुलगी त्या बाजूला गेली, आता तोंडातले शब्दही गेले. कपाटातली साडी विचारल्यावाचून नेसून कोणी मिरवावी, तशी तिची आग आग झाली.

हे दर वेळी असंच लिहितं की काय, म्हणून तिने बटण पुन्हा दाबलं. तेच आलं. पुन्हा दाबलं. नंतर कशासाठी दाबत होती, ते तिला सांगता आलं नसतं.

दर दाबणीला एक नवी तक्रार होते, हे तिला माहीत नव्हतं. आणि लिफ्टमधलं माणूस एकदा सोडून अकरा वेळा दाबेल, हे धाकटीच्या स्वप्नातही आलं नव्हतं. शहरभरातले अकरा मेकॅनिक हातातली कामं टाकून धावले. पहिल्याने दार उघडलं तेव्हा बाकीचे दहा जिन्यात एकमेकांच्या पायांवर पाय देत उभे होते, प्रत्येकाच्या हातात त्याच लिफ्टसाठी तीच वायर.

सासऱ्यांनी वरच्या कठड्यावरून ती गर्दी पाहिली. बराच वेळ पाहिली.

“फोन राहू दे,” ते म्हणाले आणि आत गेले.

थोरली मान ताठ करून बाहेर आली. धाकटी गर्दीतून वाट काढत खाली पोहोचली होती. तिचा चेहरा पडला होता.

“ताई, एकदा दाबलं की पुरतं. मेसेज नाही का आला तुम्हाला?”

“आला असेल. मी कशाला वाचत बसतेय तुझं?”

धाकटी थोरलीच्या खांद्यावरून लिफ्टमध्ये पाहत होती. आत कोपऱ्यात, भिंतीला टाचा लावून, थोरलीच्या चपला शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या होत्या.

ती आत गेली, त्या उचलून आणल्या आणि थोरलीच्या पायांशी सरळ करून ठेवल्या.