खुरटी शिंगं

कडूबाईनं मेलेल्या काळविटाचा खालचा ओठ अंगठ्यानं ओढला आणि तिचा हात तिथंच थांबला.

जीप मेंढवाड्याला लागून उभी होती. सकाळीच केजच्या रस्त्यावर वनखात्याची गाडी दिसली, म्हणून विठ्ठलरावांनी जीप माळावर वळवली होती. दुपारपर्यंत ते जनावर घोंगड्यांखाली झाकून ठेवायचं, असा हुकूम होता. विनंती करायची त्यांना सवयच नव्हती. जिल्हा परिषदेचे माजी सदस्य, साठ एकरांचे मालक! आणि कडूबाईच्या नवऱ्याची, तात्याबाची, दीडशे मेंढरं वर्षातले सहा महिने त्याच साठ एकरांवर चरायची.

काळवीट मारलं तर तुरुंग आहे, हे विठ्ठलरावांना चांगलं ठाऊक होतं. पण ते त्याला शिकार म्हणतच नसत. कुठलातरी परदेशी व्हिडिओ बघून त्यांनी ठरवलं होतं की आपण कळप सुधारतोय. वाईट शिंगांचे नर काढायचे, चांगल्या शिंगांचा ठेवायचा, त्याचंच बी वाढू द्यायचं. चार वर्षांत बघा एकेकाची शिंगं, असं ते पाहुण्यांना मटण वाढता वाढता सांगायचे. गोड नाव दिलं की गोळीचा आवाजही या लोकांना ऐकू येत नसावा.

कोणता नर काढायचा, हे मात्र तात्याबा ठरवायचा. मेंढा पारखावा तर त्यानंच, असं वडवणीपर्यंतचे मेंढपाळ म्हणायचे. वर्षाच्या कोकराची शिंगं बघूनच तो सांगे, हे ठेवा, हे बाजारात न्या. तीच पारख त्यानं रानात लावली. लांबूनच दाखवायचा, "तो मातकट, खुरट्या शिंगाचा. त्यात कस न्हाई." मग तो मेंढरांकडे परतायचा आणि मागं गोळी वाजायची. तीन वर्षांत असे अकरा नर गेले. हा बारावा. त्यातला एकही त्यानं जवळून पाहिला नव्हता.

आज जनावर दारात आलं आणि कडूबाईचा हात आधी तोंडाकडे गेला. मेंढरू विकत घेताना जातो, तसाच.

"आवं, हिकडं या," ती नवऱ्याला म्हणाली. "दात बगा याचे."

तात्याबा वाकला. खालच्या जबड्यात मधले दोन दात तेवढे नवे होते. बाकी सगळे दुधाचे, तांदळाएवढे.

"दोन दातांचं हाय," कडूबाईचा आवाज चढला. "पोर हाय हे! रंग चढायचा होता अजून. शिंगं वाढायची होती. खुरटी कुटली वो? आपला मेंढा वर्षात शिंग दावतो, म्हणून रानातलाबी दावतो का? तुमी अशीच मातकट बारा पोरं दावली बोट करून. बारा!"

तात्याबानं तिथंच खाली बसून ते दोन दात पुन्हा मोजले.

"काय गोंधळ हाय बे?" जीपजवळ उभे असलेले विठ्ठलराव पुढं आले.

"गोंधळ?" कडूबाई ताडकन उठली. "मालक, त्या माळावर कळप धरून एकच मोठ्या शिंगाचा नर हाय. दुसऱ्याला जवळ येऊ देत न्हाई. मंग ही बारा पोरं कुणाची? त्याचीच की! ज्याचं बी वाढवायचं म्हणलात, त्याचंच वेचून वेचून मारलं तुमी. तो आता म्हातारा झाला, अन् त्याच्या जागी यायला तरणा नरच ठेवला न्हाई. यंदा पाडस दिसलं का एक तरी तुमाला?"

विठ्ठलरावांनी काळविटाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. आणि ते हसले.

"बरं झालं कळलं. मंग आता त्या म्हाताऱ्याचाच नंबर लावू. तसंबी नव्या बंगल्याच्या हॉलला शिंगं पायजेच हायेत, अन् त्याची लई झ्याक हायेत. कुटं बसतो तो, दाव उद्या."

म्हणजे सुधारणा एवढीच होती.

कडूबाईनं कमरेचा मोबाईल काढला. मागल्या साली लांडग्यानं मेंढी नेली, तेव्हा पंचनाम्याला वनरक्षक धनश्रीबाई आल्या होत्या. त्यांचा नंबर तिनं जपून ठेवला होता. वनखात्यालाच सांगते, म्हणत ती तो लावू लागली.

"कडूबाई," विठ्ठलराव शांतपणे म्हणाले, "हा फोन लागला, तर तुझं एकबी मेंढरू माझ्या रानात पाय ठेवणार न्हाई. उन्हाळा तोंडावर हाय. कुटं नेशील दीडशे जित्राबं? तात्याबा, आवर तुझ्या बायकोला."

तात्याबा उठला. दोन ढांगांत तो बायकोजवळ आला आणि त्यानं तिच्या हातातला मोबाईल हिसकावून घेतला. घंटी वाजत होती. पंचवीस वर्षांच्या संसारात या माणसाची कडूबाईला एवढी किळस कधी आली नव्हती.

विठ्ठलराव जीपकडे वळले. "शाना हायेस," ते म्हणाले.

तिकडून "हॅलो" आलं. तात्याबानं मोबाईल कानाला लावला.

"बाई, तात्याबा बोलतोय, माळावरनं. बारा काळविटं मारली आमी. बंदूक विठ्ठलरावांची, पारख माझी. दोगांनाबी न्यायला या."