वीस डोकी

"पुन्हा मोजा," मास्तर म्हणाले.

अनाथाश्रम चालवणाऱ्या बाईंच्या डोक्यात तिडीकच गेली. सकाळपासून हे तिसऱ्यांदा! परदेशातून वीस विद्यार्थी घेऊन अनाथ मुलांची सेवा करायला आलेला हा माणूस, आणि सेवा राहिली बाजूला, नुसती आश्रमातल्या मुलांची मोजदाद चाललेली. त्यातून त्याला इथली भाषा येत होती, ही आणखी पंचाईत. दरवर्षीचे पाहुणे बिचारे हसायचे, भिंत रंगवायचे, फोटो काढून चालते व्हायचे.

"वीसच आहेत. देवानं डोळे दिलेत ना तुम्हाला?"

वीस होतीच. पण अनाथाश्रमाची त्यातली चारच. बाकीची सोळा बाईंनी आसपासच्या गल्ल्यांतून, आयांच्या हातापाया पडून, दिवसभरासाठी मागून आणली होती. वीस मुलांची सेवा झाली, अशी मास्तरांची सही मिळाली नाही तर अनुदान बंद, आश्रमाला टाळं आणि ही चौघं चार गावांना. त्यांतली धाकटी तर अजून बाईंचं बोट धरल्याशिवाय झोपत नसे.

अंगणात पाहुणी मुलं भिंत रंगवत होती. मास्तर कागदात बघून त्यांना हाका मारत होते. एखादं पोरगं तिसऱ्या हाकेला ओ देई. एकाच्या गणवेशाच्या बाह्या बोटांखाली लोंबत होत्या, अर्धा रंग त्यांनाच लागलेला. आईबापांनी लाडावून ठेवलेली कार्टी, बाई पुटपुटल्या.

"त्या झाडावरच्या मुलाशी मला बोलायचंय," मास्तरांनी बोट दाखवलं.

"आमची मुलं बुजरी आहेत."

"बुजरी? मघापासून माझ्या मुलांना वाकुल्या दाखवतोय तो!"

"मग दिसला ना कसा आहे ते? आणखी काय बोलायचंय?"

"तुम्ही काहीतरी लपवताय, बाई."

"आणि तुम्ही पाहुणे म्हणून आलात की फौजदार म्हणून?"

मास्तरांनी वही उघडली.

तेवढ्यात फाटक धाडकन उघडलं. कोपऱ्यावरची शिंपीण तरातरा झाडाखाली येऊन कडाडली, "उतर खाली, मेल्या! आजी कधीची खोळंबलीय. आणि बाई, चारला सोडते म्हणालात, पाच वाजून गेले!"

पोरगं निमूट उतरलं. त्याच्या मागोमाग आणखी दोघं निघाली. "आम्हीपण जातो. आई ओरडेल."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. मग त्यांचा संतापच उसळला.

"लिहा काय लिहायचं ते! चारच आहेत माझी. पण त्यांना एकमेकांशिवाय कुणी नाही. त्यांची ताटातूट केलीत तर तुमचं कधी भलं व्हायचं नाही!"

मास्तरांनी बाईंना स्वयंपाकघरात यायची खूण केली, आत आल्यावर दार लोटलं आणि वहीतून एक कागद काढून ओट्यावर ठेवला. 'वीस विद्यार्थ्यांनी इथं सेवा केली,' एवढंच त्यावर लिहिलेलं, खाली बाईंच्या सहीसाठी जागा.

"मी तुमच्या वीसवर सही करतो, तुम्ही माझ्या वीसवर करा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "वीस भरली नाहीत तर माझीही शाळा बंद होते. सतरा मुलं शेजाऱ्यांची आणलीयत."