कमरेची चटई

सात वर्षांपूर्वीच्या बाळंतपणापासून लेसिएलीला शौच आवरत नव्हतं. चर्चमध्ये डाग दिसू नये म्हणून ती कमरेची चटई, टोंगी बायका कपड्यांवरून बांधतात ती, दुहेरी गुंडाळायची. आज ऑकलंडला गुदविकारतज्ज्ञ बाईंसमोर ती तोंड उघडणार होती, पण दुभाष्या म्हणून आला तो चुलतभाऊ फेलेती. टोंगात भावाबहिणीत असलं बोलणं चालत नाही, चुलत असले तरी. तो भिंतीकडे वळला. “डॉक्टर, ही माझी बहीण. मला जमणार नाही.” “दुसरा दुभाष्या महिन्याभरानं मिळेल.” एवढं इंग्रजी लेसिएलीला कळलं. ती उठली, पुन्हा धीर होणार नव्हता. “बस, ताई,” तो भिंतीलाच म्हणाला. “तुझ्या वहिनीला पाठवतो, ती इस्पितळाच्याच स्वयंपाकघरात असते.” वहिनी हात पुसत आली. “सांगा, वन्सं.” लेसिएलीनं चटईची गाठ आवळत सगळं सांगितलं. वहिनी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली आणि डॉक्टरांना म्हणाली, “आम्हा दोघींना शी आवरत नाही.”