डोळा काढायचा चाकू

चाकू हातातून हातात देऊ नये, वैर येतं, म्हणून अश्विननं तो टेबलावर ठेवला. अकोल्याच्या ओमप्रकाशनं तो उचलला की अदलाबदल पुरी होणार होती. पण मधूनच प्रीतमचा हात आला. अश्विनचा हा धाकटा भाऊ हिवरखेडहून थेट आला होता, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

"हा बाबाचा हाये," तो म्हणाला.

दीक्षा आतल्या खोलीच्या दारात उभी होती. नवऱ्याकडे किंवा दिराकडे बघायच्या आधी तिनं पिंकी कुठे आहे ते पाहिलं. तीन वर्षांची पोर टेबलाखाली बापाच्या पायाला टेकून बाहुलीचे केस ओढत बसली होती.

अश्विनला जुने खिशातले चाकू जमवायचा नाद. शिंगाच्या मुठीचे, पितळी पट्टीचे, बोटाएवढे पेन्सिल तासायचे. लोखंडी टेबलाच्या खणात हिरव्या कापडावर ते सगळे मिटून ठेवलेले असत. ओमप्रकाशला तोच नाद. त्यानं आज खटक्याचा एक जुना रामपुरी आणला होता आणि तो खणात गेलाही होता. बदल्यात त्याला हवा होता तो दीक्षाच्या सासऱ्यांचा, संत्र्याच्या कलमा बांधायचा चाकू. घासून घासून पातं निम्मं उरलेलं, असा माल आता बघायलाही मिळत नाही, असं तो मघापासून भिंग लावून सांगत होता.

प्रीतमनं नखानं पातं उघडलं. दादानं जन्मात एक कलम बांधली नाही आणि बाप गेल्यावर त्याचं हत्यार परक्याला देऊन राहिला, असं काहीसं तो बोलला. अश्विन म्हणाला, बाबांनी मलाच दिला होता, तुझ्यापाशी राहिला असता तर आतापर्यंत गंजून गेला असता. हे बोलताना तो ओमप्रकाशकडे बघून हसला. ओमप्रकाशही हसला.

तिथंच बिनसलं.

प्रीतमनं डाव्या हातानं भावाची कॉलर धरली आणि त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. कॅलेंडर खाली आलं. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा आवाज वेगळा आला, ओलसर. चाकूचं टोक अश्विनच्या डोळ्याखालच्या हाडावर टेकलं.

"फांदीवरून डोळा कसा काढतात, मालूम हाये तुले?" प्रीतम अगदी हळू बोलत होता. "लाकडाले धक्का नाई लागू द्याचा. नुसता डोळा काढाचा."

कलमेसाठी फांदीवरचा जो कोंब काढतात, त्याला नर्सरीत डोळाच म्हणतात. दीक्षाला ते ठाऊक होतं. पण पातं हललं होतं. अश्विनच्या गालावरून रक्ताची रेघ उतरली, हनुवटीशी थांबली आणि खाली टपकली. टेबलाखाली पिंकीनं बाहुलीच्या कपाळावरचा थेंब बोटानं पुसला आणि वर पाहिलं.

ओमप्रकाश "अरे भाई, बैठ के बात करो" म्हणत दाराकडे सरकला. मग जिन्यावरून त्याच्या चपला धावत उतरल्याचा आवाज आला. खाली राजापेठेत गाड्यांचे हॉर्न चालूच होते. इथून कितीही ओरडलं तरी त्यात कुणाला काही ऐकू जाणार नव्हतं.

दीक्षा वाकली, पिंकीचा दंड धरला आणि तिला ओढून बाहेर काढलं. पोरीचं डोकं टेबलाच्या पायावर आदळलं. तिला आतल्या खोलीत लोटून दीक्षानं बाहेरून कडी घातली. आतून थापा सुरू झाल्या.

ती वळली तेव्हा तिला दिसलं ते प्रीतमला दिसत नव्हतं. अश्विनचा उजवा हात बाजूच्या उघड्या खणात गेला होता. बोटं हिरव्या कापडावर चाचपडत होती. एवढ्या मिटलेल्या चाकूंमधून त्यांना एकच हवा होता, एका हातानं उघडणारा.

सापडला.

एका चाकूचं काय करावं ते दीक्षाला कळत नव्हतं. दोन झाले तर काय होईल, ते कळत होतं. तिनं कमरेचा धक्का देऊन खण दाणकन बंद केला.

अश्विन असा ओरडला की प्रीतम दोन पावलं मागं सरला. खणाची पत्र्याची कड मनगटात रुतली होती. दीक्षा तिथंच कमर दाबून, टाचा फरशीत रोवून उभी राहिली.

"दीक्षा, हात हाये माझा," अश्विन म्हणाला. "माझा हात हाये तो."

तिनं मान हलवली. ते तिला माहीत होतं.

"भाऊजी, ठेवा तो खाली."

प्रीतम भावाच्या मनगटाकडे बघत राहिला. कातडी सोलून वर जमा झाली होती, भोवती निळं पडत होतं. त्याचा श्वास हळूहळू खाली बसला. त्यानं पातं मांडीला टेकवून मिटलं, चाकू फरशीवर ठेवला आणि पायानं दूर लोटला. मग दोन्ही हात रिकामे करून दाखवले.

"ठेवला, वहिनी. सोडा आता त्याले. हाड मोडून राहिलं त्याचं."

दीक्षानं खाली पाहिलं. खणाच्या फटीतून अश्विनचा पंजा दिसत होता. नखं पांढरी पडली होती, दोन बोटं नुसतीच लोंबत होती. बाकीची चाकूभोवती घट्ट होती. आणि अंगठा हलत होता, सावकाश, खटका शोधत.

"तुमी ठेवला," ती प्रीतमला म्हणाली. "यायनं नाई ठेवला."

तिनं एक पाय भिंतीला लावला आणि अंगातला सगळा भार खणावर टाकला.