सम्राटाचं बालपण

चित्रपटगृहात मध्यंतराचे दिवे लागताच शरयूकाकू उभ्या राहिल्या. तीस वर्षं या अंतराळपटांच्या मालिकेवर त्यांचा जीव. आता आला होता दुष्ट सम्राटाच्या बालपणाचा भाग. “माती केली असेल तर मध्यंतरालाच उठेन,” असं त्यांनी लेकीला बजावलं होतं.

“निघायचं?” लेकीनं विचारलं.

“यंत्रमानव मेला नुसता बडबड्या! कीर्तनात आधी पूर्वरंग, मग आख्यान; यांनी आख्यान आधी उरकलं आणि पूर्वरंग आता! पण ते पोर गं... इतकं गोड पोर पुढे ग्रह जाळणार?”

“शेवट माहितेय ना तुला?”

“कीर्तनातला नसतो माहीत? तरी रडतेच की!”

कीर्तनात पूर्वरंग संपल्यावर लावतात तसा काकूंनी पर्समधल्या डबीतला बुक्का लेकीला लावला. शेजारच्या अनोळखी तरुणानंही हसत कपाळ पुढे केलं.

“काकू, सुधारेल का हो तो?”

“कोण जाणे, आज सुधारला तर!” म्हणत काकू खुर्चीत मांडी ठोकून बसल्या.