जुना पासवर्ड

लेकीनं, शिवलीलानं जातीबाहेर लग्न केलं, त्या दिवशी मडिवाळप्पांनी मेलचा पासवर्ड बदलला. जुन्यात तिचं नाव होतं.

पुढं बायको, कमलम्मा, अंथरुणाला खिळली. नाक मुठीत धरून त्यांनी लेकीला मेल केला, 'आई वाट बघतीय, ये.' उत्तर आलं नाही.

"दगड हाय तुझी लेक," ते बायकोला रोज ऐकवायचे, तिनं डोळे मिटेपर्यंत. मातीलाही लेकीला कळवू दिलं नाही.

आज पेन्शनचा मेल जाईना म्हणून ते नवी पेठेतल्या मोबाईलच्या दुकानात गेले.

"काका, मेल येत्यात, पण एकबी गेला न्हाय की! पाठवायच्या सेटिंगमधी जुनाच पासवर्ड हाय."

मडिवाळप्पांनी नवा टाकला. अडकलेले सगळे मेल भराभर गेले.



लगेच एक उत्तर आलं, 'निघालेच, अप्पा. आईला म्हणावं, मी येईस्तोवर थांब.'